दारूमुक्तीसाठी सोबत : स्वमदत गटाची मीटिंग कशी शोधावी?



उसावर लोकरी मावा दिसला किंवा कपाशीत बोंडअळी आढळली, तर आपण त्याच दिवशी चार जणांना विचारतो. कृषी सहायकाला गाठतो, विद्यापीठात नमुना घेऊन जातो. रोग लपवून पीक वाचत नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. परंतु हाच रोग घरात शिरला, म्हणजे कर्त्या माणसाला दारूचे व्यसन जडले, तर मात्र आपण तो वर्षानुवर्षे लपवतो. 'बरं नाही' म्हणून पाहुण्यांना सांगतो, सोसायटीत जायचे टाळतो, मुलीच्या सोयरिकीची बोलणी पुढे ढकलतो. तोवर रोग फोफावतो.

सोनई आणि आसपासचा नेवासे तालुक्याचा भाग मुळा धरणाच्या पाटपाण्यावर व सहकारी साखर कारखान्यावर उभा राहिलेला बागायती पट्टा आहे. उसाचे बिल, दुधाचा पगार, कांद्याची पट्टी अशा रूपाने येथे पैसा हातात येतो. तो पैसा ज्या घरात दारूत जातो, त्या घराचे नुकसान चटकन दिसत नाही. कारण पीक उभे असते. हिशेब मात्र करून पाहावा. रोज १५० रुपये दारूवर गेले तर वर्षाला ५४,७५० रुपये होतात. यात चुकलेली पाण्याची पाळी, उशिरा दिलेले खत, अपघात, दवाखाना आणि सावकाराचे व्याज धरलेले नाही.

दारू सोडण्यासाठी औषधोपचार आहेत, केंद्रे आहेत. पण उपचार घेऊन माणूस गावी परतल्यावर पुढे काय, हा खरा प्रश्न असतो. त्याचे एक जुने, बिनखर्चाचे व जगभर टिकलेले उत्तर म्हणजे दारू सोडलेल्या माणसांचा स्वमदत गट. हा गट म्हणजे नेमके काय, त्याची मीटिंग कशी शोधावी आणि जवळपास नसेल तर काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

व्यसन हा आजार आहे

दारू पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. परंतु ज्याला पिणे थांबवता येत नाही, नुकसान समोर दिसत असूनही हात आवरत नाही, त्याला व्यसन जडले आहे असे समजावे. हा दुबळेपणा किंवा वाईट चालीरीत नसून आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. स्वतःची परीक्षा घेण्यासाठी डॉक्टर चार सोपे प्रश्न विचारतात :

१) दारू कमी करावी असे तुम्हाला कधी वाटले आहे काय?
२) पिण्यावरून कोणी बोलले तर राग येतो काय?
३) पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते काय?
४) सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावेत किंवा बरे वाटावे म्हणून घोट घ्यावा लागतो काय?

यांपैकी दोन किंवा अधिक प्रश्नांना 'होय' असे उत्तर असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चौथ्या एकट्या प्रश्नाला 'होय' असले तरी विलंब करू नये.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला काही उपचार किंवा मदत मिळाल्याचे आढळले. म्हणजे ३७ घरे हा रोग एकट्याने सोसत आहेत.

आपल्या जिल्ह्याने दिलेला धडा

दारूविरुद्ध गावाने एकत्र येण्याचे मोठे काम आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात झाले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तरुणांनी दारूबंदी हाती घेतली आणि तीसच्या वर हातभट्ट्या बंद झाल्या. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९८९-९० नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गाव उभे केले. तेथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान यांच्या जोडीला नशाबंदीही पाळली गेली. दोन्ही गावांत पाणलोटाची कामे टिकली, त्यात या शिस्तीचा वाटा आहे.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. गावात दारू मिळेनाशी झाली तर नव्याने पिणाऱ्यांची संख्या घटते, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की, गावात बाटली नसली तरी ज्याला व्यसन जडले आहे तो शेजारच्या गावी जातो. राळेगणमध्ये त्या काळी पिणाऱ्याला देवळासमोरच्या खांबाला बांधून फटके दिले जात, हे सर्वज्ञात आहे. आज तसे करणे कायद्यात बसत नाही आणि आजारी माणूस माराने बराही होत नाही. शपथ, धाक आणि माळ यांमुळे काही जण सुटतात. पण अनेक जण दोन महिन्यांत पुन्हा पितात आणि मग शपथ मोडल्याची लाज वाटून गावापासून आणखी दूर जातात.

शेतातल्या लव्हाळ्याचा आपल्याला अनुभव आहे. वरचा पाला खुरपला की वावर स्वच्छ दिसते, परंतु जमिनीतल्या गाठी तशाच राहतात आणि पाणी मिळाले की फुटतात. दारू थांबवणे म्हणजे वरचा पाला काढणे होय. खालच्या गाठी, म्हणजे पिण्याची ओढ, एकटेपणा, अपमान, कर्जाची धास्ती आणि जुन्या मित्रांची हाक, यांवर दर आठवड्याला खुरपे चालवावे लागते. हे काम मीटिंगमध्ये होते.

स्वमदत गट म्हणजे काय?

येथे स्वमदत गट म्हणजे महिलांचा बचत गट नव्हे. दारूच्या व्यसनातून सुटलेल्या आणि सुटू इच्छिणाऱ्या माणसांनी ठरावीक दिवशी, ठरावीक जागी एकत्र बसून एकमेकांना सावरण्याची ही पद्धत आहे. जगात यातील सर्वांत जुनी व मोठी संघटना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे थोडक्यात ए.ए., ही आहे.

तिची सुरुवात अशी झाली. १९३५ साली न्यूयॉर्कचे शेअर व्यवसायातील एक गृहस्थ बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतीलच अ‍ॅक्रन या गावी गेले होते. त्यांनी काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. हाती घेतलेला व्यवहार फसला आणि परगावी एकट्याने असताना पिण्याची ओढ अनावर झाली. तेव्हा त्यांनी गुत्ता गाठण्याऐवजी आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधला. त्यांना डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. तेही व्यसनाने पोखरलेले होते. बिल यांनी त्यांना उपदेश केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. ज्याने सोसले आहे त्याचेच बोलणे सोसणाऱ्याला पटते, आणि दुसऱ्याला सावरताना आपलाही तोल सावरतो, हे या चळवळीचे मूळ सूत्र आहे.

भारतात हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढे राज्यातील अनेक शहरांत मराठीतून मीटिंगा भरू लागल्या. पुण्यात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथेही निवासी उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि व्यसनमुक्त मित्रांच्या सोबतीला महत्त्व दिले जाते.

याचा उपयोग किती होतो, याचा अभ्यासही झाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासण्यात आली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, ए.ए.शी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर प्रचलित उपचारांइतके किंवा त्यांहून अधिक उपयुक्त ठरल्याचे त्यात दिसले.

मीटिंगमध्ये काय होते?

अनेकांना वाटते की तेथे भाषण ऐकावे लागेल, नाव नोंदवावे लागेल किंवा चारचौघांत कान उपटले जातील. तसे काहीही होत नाही.

१) मीटिंग साधारण एक ते दीड तास चालते. जागा शाळेची खोली, चर्चचे सभागृह, दवाखान्याचा हॉल अशी साधी असते.
२) सभासद होण्यासाठी एकच अट असते : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, जात-धर्म-पक्षाची चौकशी नाही.
३) बोलणारा केवळ आपले नाव सांगतो, मी मद्यपी आहे असे म्हणतो आणि स्वतःची हकिगत सांगतो. इतरांनी मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही.
४) नव्या माणसावर बोलण्याची सक्ती नसते. पहिल्या दिवशी नुसते ऐकून परत आले तरी चालते.
५) चहा व जागेच्या भाड्यासाठी शेवटी डबा फिरतो. ऐच्छिक असते. बाहेरच्या देणग्या ए.ए. घेत नाही.
६) कोण आले आणि काय बोलले, हे बाहेर सांगायचे नाही, हा सर्वांत मोठा नियम आहे. नावातील 'अनामिक' या अर्थाचा शब्द त्यासाठीच आहे.
७) जन्मभर पिणार नाही, अशी शपथ घ्यायला लावत नाहीत. आजचा एक दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरवायचे असते. उद्याचे उद्या.
८) जुना, स्थिरावलेला सभासद नव्याला आपला फोन नंबर देतो. ओढ लागली की बाटली उघडण्याआधी फोन करायचा. या मार्गदर्शकाला 'स्पॉन्सर' म्हणतात.

मीटिंगचे दोन प्रकार असतात. 'बंद' मीटिंग केवळ दारूचा त्रास असलेल्यांसाठी, तर 'खुली' मीटिंग घरचे, डॉक्टर व इतर इच्छुकांसाठीही असते. प्रथमच जाताना सोबत कोणी हवे असेल तर खुली मीटिंग निवडावी. ए.ए.च्या कार्यक्रमात ईश्वराचा उल्लेख येतो, परंतु तो प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा असतो. वारकऱ्याने विठ्ठल म्हणावे, न मानणाऱ्याने गटाची शक्ती समजावी.

आधी डॉक्टर, मग मीटिंग

येथे एक महत्त्वाची सूचना देणे आवश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरी एकाएकी दारू बंद करू नये आणि घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून ठेवू नये. असे केल्याने जीव धोक्यात येऊ शकतो.

दारू थांबल्यावर पहिल्या दिवसात हात कापणे, घाम, मळमळ, झोप न येणे ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही रुग्णांना भ्रम होतो. नसलेली माणसे व किडे दिसतात, रुग्ण बरळतो, अंगात ताप भरतो. खेड्यात याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेले जाते आणि मौल्यवान वेळ जातो. ही बाधा नसून दारू तुटल्याने होणारा गंभीर विकार आहे. अशा रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे व 'ब-१' जीवनसत्त्व देऊन हा काळ साधारण आठवडाभरात सुखरूप पार पडतो.

दारू 'न सांगता' सोडवणाऱ्या पुड्यांच्या जाहिराती आपण पाहतो. चहात किंवा भाजीत मिसळून कोणतेही औषध देऊ नये. काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम घसरून रुग्ण दगावू शकतो. अशी औषधे डॉक्टरांनीच, रुग्णाला समजावून व त्याच्या संमतीने द्यावयाची असतात.

निवासी केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आहे काय, मनोविकारतज्ज्ञ येतात काय, घरच्यांना भेटू देतात काय, हे विचारावे. मारहाण करणारे किंवा साखळीने बांधणारे केंद्र त्वरित सोडावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे.

सोनई परिसरातून मीटिंग कशी शोधावी?

गटाची पाटी रस्त्यावर नसते, वर्तमानपत्रात जाहिरात नसते. त्यामुळे विचारत जावे लागते. पुढील क्रमाने चौकशी करावी :

१) दूरध्वनी. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा मोफत क्रमांक १४४४६ आहे. मानसिक ताण, निराशा किंवा आत्महत्येचे विचार असतील तर टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. दोन्हीकडे आपल्या तालुक्याचे नाव सांगून जवळच्या सेवेची विचारणा करावी.

२) मनोविकार विभाग. अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय, विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय येथे चौकशी करावी. सोनईहून विळद घाट व लोणी या दोन्ही ठिकाणी राहुरीमार्गे जाता येते. तेथील डॉक्टर व समाजसेवक यांना विचारावे : "दारू सोडलेल्यांची मीटिंग जवळ कुठे भरते?"

३) ए.ए. संघटना. संघटनेचे देशपातळीवरील कार्यालय मुंबईत आहे. तिच्या संकेतस्थळावर शहरवार संपर्क मिळतो. फोन उचलणारा माणूस बहुधा स्वतः दारूतून सुटलेलाच असतो, त्यामुळे संकोच करू नये.

४) व्यसनमुक्ती केंद्रे. मुक्तांगणसारख्या केंद्रांचे पाठपुरावा गट निरनिराळ्या गावी भरतात. आपल्या गावचा कोणी तेथून बरा होऊन आला असेल तर त्याला एकांतात भेटावे. तोच सर्वांत चांगला वाटाड्या होय.

५) गावपातळी. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आशाताई, तसेच नशाबंदी मंडळाचे जिल्हा संघटक यांच्याकडे माहिती मिळू शकते.

माहिती मिळाल्यावर फोनवर सहा गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात : वार, वेळ, नेमकी जागा, भाषा मराठी आहे काय, मीटिंग खुली की बंद, आणि घरच्यांसाठी वेगळा गट आहे काय. यादीतला पत्ता जुना असू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी त्याच दिवशी पुन्हा फोन करावा. बंद दार पाहून परत आलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

मीटिंग बहुधा संध्याकाळी असते, हे लक्षात घेऊन परतीच्या एस.टी.ची वेळ पाहावी. गाडी चुकण्याची शक्यता असेल तर गटाला आधी कळवावे. एखादा सभासद रस्त्यापर्यंत सोडतो. दोघे-तिघे मिळून गेल्यास खर्च वाटला जातो आणि सोबतही होते. मीटिंगचा वार दूध घालण्याच्या वेळेशी किंवा पाटाच्या पाळीशी जुळत नसेल तर घरच्यांनी ते काम त्या दिवसापुरते अंगावर घ्यावे. २०२० नंतर फोनवरून व संगणकावरून भरणाऱ्या मीटिंगाही वाढल्या आहेत. लांबच्या वस्तीवर राहणाऱ्यांनी मधल्या दिवसांत त्यांचा लाभ घ्यावा. परंतु महिन्यातून एकदोनदा तरी समोरासमोर बसावे.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नये. निदान पाच-सहा मीटिंगा कराव्यात. एखादा गट मानवला नाही तर दुसरा पाहावा.

जवळपास गट नसेल तर

दर आठवड्याला लांबचा प्रवास शेतकऱ्याला पेलत नाही. अशा वेळी गावातच गट सुरू करता येतो. दारू सोडण्यासाठी दोन-तीन मद्यपी नियमित एकत्र बसले तरी ए.ए.च्या प्रथेप्रमाणे तो गट होतो. त्यासाठी इमारत, नोंदणी किंवा अनुदान लागत नाही. पुढील गोष्टींची काळजी घ्यावी :

- आधी जवळच्या चालू गटाच्या काही मीटिंगा करून पद्धत शिकून घ्यावी. त्या गटातील जुन्या सभासदांना सुरुवातीला बोलवावे.
- जागा तटस्थ असावी. शाळेची खोली किंवा वाचनालय योग्य. कोणाचे घर, पक्षाचे कार्यालय किंवा दारू मिळणारा ढाबा टाळावा.
- वार व वेळ एकदा ठरवली की बदलू नये. पाऊस असो, ऊसतोड असो, एकच माणूस आला तरी खोली उघडावी. नवा माणूस कोणत्या दिवशी येईल, हे आधी कळत नाही.
- उद्घाटन, हारतुरे, छायाचित्र व पाहुण्यांची भाषणे नकोत. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणूनच आतले बोलणे आत राहील, ही खात्री अधिक जपावी लागते.
- पैशाचा व्यवहार चहापुरता ठेवावा. गटात उसनवारी, भिशी व निवडणुकीचा विषय आणू नये.
- शेतमजूर व बागायतदार एकाच सतरंजीवर बसावेत. आजाराला सातबारा नसतो.
- एखादी महिला मदत मागत असेल तर तिला महिलांच्या सेवेकडे जोडून द्यावे. मुक्तांगणने महिलांसाठी 'निशिगंध' हे वेगळे केंद्र चालवले आहे.

घरच्यांनी काय करावे?

नवरा प्यायलेला असताना वाद घालू नये. सकाळी, शुद्धीवर असताना थोडक्यात व स्पष्ट बोलावे. त्याची उधारी फेडणे, त्याच्यासाठी खोटे बोलणे, त्याने बुडवलेले काम झाकणे हळूहळू थांबवावे. आपण झाकत राहिलो तर त्याला परिणाम दिसत नाहीत. मात्र मारहाण होत असेल तर प्रथम स्वतःची व मुलांची सुरक्षितता पाहावी आणि मदत मागण्यास लाजू नये.

'माझ्यामुळे पितो' हा समज मनातून काढून टाकावा. व्यसन बायकोमुळे लागत नाही आणि तिच्या एकटीच्या प्रयत्नाने सुटतही नाही. घरच्यांसाठी 'अल्-अ‍ॅनॉन' नावाचे वेगळे गट असतात. मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. नवरा मीटिंगला जायला तयार नसला तरी पत्नीने आपल्या गटाला जावे. अनेक घरांत बदलाची सुरुवात तेथूनच होते.

शेतकरी कुटुंबाने आणखी एक दक्षता घ्यावी. दारू आणि निराशा एकत्र आल्यावर हाताशी असलेले विषारी औषध घात करते. म्हणून कीटकनाशके घरात मोकळी न ठेवता कुलूपबंद पेटीत ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे असावी.

पुन्हा प्यायले तर?

पीक एकदा रोगाला बळी पडले म्हणून कोणी शेती सोडत नाही. दारू सुटल्यावर पुन्हा पिण्याचे प्रसंग अनेकांच्या वाट्याला येतात. अशा वेळी लपून न बसता त्याच आठवड्याच्या मीटिंगला जावे आणि घडले ते सांगावे. तेथे कोणी हसत नाही. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोच खड्डा पाहिलेला असतो. मात्र पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले असेल तर थांबवताना डॉक्टरांची मदत घ्यावी.

धोक्याचे दिवस आधीच ओळखून ठेवावेत. उसाच्या बिलाचा दिवस, आषाढ अमावास्या, पोळा, गावची यात्रा, लग्नाची वरात, निवडणुकीतले जेवण, एकतीस डिसेंबर, तसेच भाव पडल्याचा व कर्जाची नोटीस आल्याचा दिवस. अशा दिवशी खिशात रोख रक्कम ठेवू नये, बिल थेट पत्नीसोबत बँकेतून काढावे, आणि संध्याकाळी गटातील माणसाजवळ असावे. भूक, राग, एकटेपणा व थकवा या चार अवस्थांत ओढ अधिक लागते. फवारणी किंवा ऊस भरून आल्यावर आधी पोटभर जेवावे, हा साधा उपायही उपयोगी पडतो.

सारांश

- व्यसन हा आजार आहे. शपथ किंवा मार हा त्यावर उपचार नव्हे.
- रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी.
- १४४४६ व १४४१६ हे क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवावेत.
- मीटिंगची वेळ व जागा त्याच दिवशी फोनवर पक्की करून निघावे.
- जवळ गट नसेल तर दोन-तीन जणांनी मिळून सुरू करावा.
- घरच्यांनी आपला स्वतंत्र आधार शोधावा.
- घसरण झाली तरी पुढची मीटिंग चुकवू नये.

हा लेख ज्यांच्या घरी गरज नाही, त्यांनीही जपून ठेवावा. दूध घालताना किंवा पारावर बसल्यावर एखादा शेजारी हळू आवाजात विचारील, "तुमच्या ओळखीत कोणी आहे का हो?" त्या वेळी त्याला उपदेश न करता एक फोन नंबर, एक वार आणि एक पत्ता द्यावा. शक्य झाल्यास पहिल्या दिवशी त्याच्यासोबत एस.टी.त बसून खुल्या मीटिंगच्या दारापर्यंत जावे.